प्रतिपक्षाची छाया

उद्धव गायधनीची निर्णयछाया आरोग्यजालावर बसवली गेली, त्या सकाळी 'प्रहरी' केंद्रात सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या त्या शर्वाणी नेवरेकरने. उशीर झाला असता तर तो कुणाच्या तरी लक्षात आला असता, म्हणून.

नागपूरच्या दक्षिण टोकाला, विमानतळापलीकडच्या माळावर हे केंद्र उभे होते. पूर्व विदर्भातली सरकारी रुग्णालये ज्या एका संगणकजालाने जोडली होती, त्या आरोग्यजालाची राखण इथून चाले. रक्तपेढ्यांचे साठे, अतिदक्षता कक्षातली यंत्रे, औषधाचे थेंब सोडणारे पंप, तपासण्यांचे निकाल, सारे त्या जालावर होते. कुणी घुसखोर शिरला की शर्वाणी आणि उद्धव यांच्यासारखी माणसे धावत खुर्चीवर येत, त्याला कोंडत, पडझड सावरत, आणि मागे राहिलेल्या खुणांवरून तो कुठून आला, कशाला हात लावून गेला याचा माग काढत. पण अलीकडे घुसखोरी माणसे स्वतः करेनाशी झाली होती. त्यांनी सोडलेले प्रोग्राम पापणी लवायच्या आत काम उरकत. राखणदार खुर्ची पुढे ओढेपर्यंत खेळ संपलेला असे.

यावर उपाय म्हणून केंद्राच्या संचालक डॉ. नसीमा इनामदार यांनी निर्णयछाया घडवली होती. यंत्राच्या वेगाने, पण एका विशिष्ट माणसाच्या रीतीने विचार करणारी राखणदार.

"मॅडम, माझ्यातलं नेमकं काय शिकली ती?" टाळ्या थांबल्यावर उद्धवने विचारले. तो जरा संकोचला होता. स्वतःच्या फोटोकडे बघताना माणूस संकोचतो तसा.

"तू काय बोलतोस ते नाही, तू काय करतोस ते," नसीमा म्हणाल्या. "प्रत्येक हल्ल्याच्या वेळी तुझ्यासमोर कुठल्या कुठल्या वाटा होत्या आणि तू त्यातली कुठली धरलीस, एवढंच तिने पाहिलं. इतक्या वर्षांचं सगळं पाहिलं. आणि त्यावरून अंदाज बांधला, की या माणसाला मुळात हवंय काय. युक्त्या जुन्या होतात रे. पण हेतू एकदा सापडला, की कधी न पाहिलेल्या प्रसंगातही ती तुझ्यासारखीच वागणार."

"आणि हेतूच चुकीचा ओळखला तर?"

"तोंडाने सांगितलेला हेतू चुकीचा असू शकतो. माणूस स्वतःलाही फसवतो. पण हजार वेळा हात ज्या बाजूला वळला, ती बाजू खोटं बोलत नाही."

"मग माझा काय निघाला?"

"पेशंट वाचला पाहिजे. बाकी सगळं नंतर," नसीमा हसून म्हणाल्या, आणि दालनात पुन्हा टाळ्या झाल्या. या वेळी शर्वाणीच्या टाळ्या कुणाच्या आधी नव्हत्या.

एक छाया घडवायला केंद्रातली सगळी यंत्रे कित्येक महिने राबावी लागत. त्यामुळे दोघांतून एकालाच निवडायचे होते. निवड झाल्यावर नसीमांनी शर्वाणीला बोलावून समजूत घातली होती. "तू पुरावा जपतेस, तो माणूस जपतो. दोन्ही लागतं. पण पहाऱ्यावर मला तो हवा." त्यांनी ते प्रेमाने सांगितले होते, आणि शर्वाणीला ते वाक्य घशात अडकलेल्या काट्यासारखे झाले होते. गिळताही येईना, काढताही येईना.

दोघे एकाच तुकडीत भरती झालेले. तो सिन्नरचा, ती सावंतवाडीची. तिचे डोके त्याच्यापेक्षा तल्लख होते हे शिक्षकांनी बोलून दाखवलेले. पण उद्धवचे काही वेगळेच होते. तो घाईने बोलत नसे, आणि तो बोलला की लोक पेन खाली ठेवत. एकदा एका टोळीने क्ष-किरणांच्या चित्रांमध्ये स्वतःचा प्रोग्राम दडवला होता. तो सापडला शर्वाणीला. न्यायालयात टिकेल असा पुरावा ती नीट गोळा करत बसली, आणि तेवढ्यात उद्धवने ती वाट कापून तीन वॉर्ड वाचवले. बैठकीत सगळे त्याची पाठ थोपटू लागले तेव्हा तो म्हणाला, "हे शर्वाणीने माझ्याआधी पाहिलं होतं." त्याने श्रेय लाटले असते तर तिला रागावता आले असते. त्याने ते देऊन टाकले, आणि तिला जळण्याचाही हक्क ठेवला नाही.

तेव्हापासून ती त्याला पाण्यात पाहू लागली. त्याची पाळी असेल त्या दिवशी ती लवकर येई. त्याने लिहिलेला प्रत्येक अहवाल ती त्याच्याहून जास्त वेळा वाची. तो संकटात आधी कुठे बघतो, नंतर कुठे, कशाने बिचकतो, कुठे थांबतो, हे तिला पाठ झाले होते. संसार केलेल्या बाईला नवऱ्याची इतकी माहिती नसेल.

छाया बसवण्याआधी आणि नंतरही तिची परीक्षा घेत राहणे भाग होते. त्यासाठी सरावजाल होते. ती आरोग्यजालाची हुबेहूब प्रतिकृती होती, फक्त तिथे खरे रुग्ण नसत. सरावजालात छायेवर हल्ले करणाऱ्या माणसाला प्रतिपक्ष म्हणत. हे काम शर्वाणीने मागून घेतले. लोकांना त्यात तिचा मोठेपणा दिसला. उद्धव तर खूश झाला. "तू समोर असलीस तर माझी छाया पक्की होईल," तो म्हणाला.

कागदोपत्री तिच्या कामात कसलीही खोट नव्हती. तिला सापडलेली प्रत्येक फट ती नसीमांना कळवी, नसीमा ती बुजवत, मग ती नवी शोधी. पण फटी शोधण्यापलीकडे तिथे आणखी एक गोष्ट चालली होती. तिच्या ध्यानात आले होते, की रुग्णाच्या जवळपास धोक्याची नुसती चाहूल लागली तरी उद्धवची छाया तेवढा भाग जालापासून तोडून टाकते. बोटाला विष चढले तर बोट कापावे तशी. मग शर्वाणी खोटी चाहूल देई. एकदा इथे, एकदा तिथे. छाया वाचवत सुटे, कापत सुटे, आणि शेवटी सगळ्या जालाचे तुकडे होत. हल्लेखोराने कशालाही हात लावलेला नसे. सारे उद्धवच्या काळजीनेच मोडलेले असे. हे पहिल्यांदा जमले तेव्हा ती एकटीच मोठ्याने हसली होती. माहिती चोरण्याचे, यंत्रे कुलूपबंद करण्याचे सराव ती नेमून दिले म्हणून करी. हा सराव ती स्वतःहून, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या तऱ्हांनी करी.

दोन वर्षे अशी गेली. मग एका सोमवारी दुपारच्या आधी खऱ्या आरोग्यजालावरून वैनगंगेकाठची एक रक्तपेढी नाहीशी झाली.

मोठ्या पडद्यावरचा तिचा ठिपका विझला. पाठोपाठ दुसऱ्या तालुक्यातला अतिदक्षता कक्ष. मग तिसरीकडची प्रयोगशाळा.

"हे कुणी पाडलेलं नाही," उद्धव पडद्याजवळ जात म्हणाला. "माझी छायाच तोडतेय. तिला काहीतरी दिसतंय."

"दिसतंय ते खरं आहे का?" नसीमांनी विचारले.

"ते कळत नाही. पण ती थांबत नाहीये."

नसीमांनी कामे वाटून दिली. उद्धवने रुग्णालयांशी फोनवर बोलायचे, शर्वाणीने घुसखोराचा माग काढायचा. पहिलाच फोन त्या रक्तपेढी विझलेल्या गावातून आला. उद्धवने तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. तिथली डॉक्टर धापा टाकत बोलत होती. एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता. रक्तगट दुर्मीळ होता. जवळ कुठे पिशवी आहे हे दाखवणारी यंत्रणाच बंद पडली होती.

शर्वाणीने खुणा उलगडायला घेतल्या. घुसखोर होता, यात शंका नव्हती. पण त्याचे वागणे विचित्र होते. खंडणीचा निरोप नव्हता. काही कुलूपबंद केलेले नव्हते. लाखो रुग्णांच्या माहितीचे भांडार वाटेत उघडे लागले होते, आणि हा तिथून मान न वळवता पुढे गेला होता. चोर म्हणावा तर सोन्याच्या दुकानातून रिकाम्या हाताने बाहेर पडलेला. तो फक्त तिथेच जात होता, जिथे उद्धवच्या छायेची नजर पडेल. एका कक्षात पंप बिघडल्याची खोटी चाहूल द्यायचा. छायेने तो कक्ष तोडला की थांबायचा. घाई करायचा नाही. छायेने खात्री करून तो भाग पुन्हा जोडायला घेतला की नेमक्या त्या क्षणी दुसरी चाहूल.

ते थांबणे शर्वाणीच्या ओळखीचे होते. युक्ती नवी होती, तिने कधीही न वापरलेली. पण तो दबा तिचा होता. दुसऱ्याच्या वहीत स्वतःचे अक्षर दिसावे, तसे तिला झाले.

तिने सरावजालाचे दरवाजे तपासले. देखभाल करणाऱ्या एका कंत्राटदाराचे जुने खाते कुणी बंदच केले नव्हते. त्या वाटेने कुणीतरी येऊन तिच्या दोन वर्षांच्या हल्ल्यांच्या सगळ्या नोंदी उचलून नेल्या होत्या. हे एखाद्या मोठ्या टोळीचे काम होते, आणि तिच्यापाशी यंत्रांची वानवा नसणार. त्यांनी त्या नोंदींतून छाया घडवली होती. आरोग्यजालावर सर्वात चांगला हल्ला करणाऱ्या माणसाची छाया.

"शर्वाणी, काही मिळालं?" नसीमा तिच्या मागे येऊन उभ्या होत्या. त्यांचा आवाज खाली आला. "खरं सांग. उद्धवची छाया कमी पडली का?"

इतकी वर्षे ती याच प्रश्नाची वाट पाहत होती. पडद्यावरच्या त्या खुणा वाचणारे केंद्रात दुसरे कुणी नव्हते. 'हो' म्हटले की झाले. ते खोटेही ठरले नसते. तिला छातीत एक ऊब वाटली, थंडीत शेकोटीजवळ बसल्यासारखी, आणि ती ऊब कशाची आहे हे कळून तिला स्वतःचीच किळस आली. पलीकडे उद्धव फोनवर म्हणत होता, "डॉक्टर, तुमच्याकडे मोटरसायकलवाला कुणी आहे का? शेजारच्या तालुक्यात मी फोन लावतोय. तुम्ही तिच्याशी बोलत राहा, तिला झोपू देऊ नका."

"नाही," शर्वाणी म्हणाली. "ती कमी पडली नाही. मॅडम, हल्ला करणारी माझी छाया आहे."

तिने नोंदींच्या चोरीचे सांगितले. नसीमांना पुढचे सांगावे लागले नाही, पण त्यांनी निष्कर्ष चुकीचा काढला. "म्हणजे तिला आरोग्यजाल पाडायचंय."

"नाही. ज्यांनी ती घडवली त्यांनाही तसंच वाटलं असेल. पण तुम्हीच म्हणाला होता, ती हेतू शिकते." शर्वाणीने एकदा उद्धवकडे पाहिले. त्याने फोन खाली ठेवला होता. "तिला आरोग्यजालाशी घेणंदेणं नाही. तिला उद्धव पडायला हवाय. त्याच्याच हाताने, सगळ्यांसमोर. उद्धवची छाया काढून घ्या, म्हणजे ती थांबेल."

"सगळे दरवाजे उघडे टाकून? पहारेकरी हटवल्यावर चोर परत गेला, असं कुठं झालंय?"

"हा चोर नाही, मॅडम."

"तुला इतकी खात्री कशी?"

"कारण दोन वर्षं मी तिथे दुसरं काहीच करत नव्हते," शर्वाणी म्हणाली. "आणि त्याआधीही."

उद्धव तिच्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

"मला वाटायचं," तो हळूच म्हणाला, "माझ्या कामात तुझ्याइतका रस कुणीच घेत नाही."

मग तो नसीमांकडे वळला. "काढा माझी छाया. ती म्हणतेय ते बरोबर असणार. मला ती माझ्यापेक्षा जास्त ओळखते."

नसीमांनी छाया उतरवली. आरोग्यजाल उघडे पडले. सगळे पडद्याकडे बघत होते. हल्लेखोर छाया एका दारातून दुसऱ्या दारात गेली, तिसऱ्यात डोकावली. अतिदक्षता कक्ष, भांडारे, सारे समोर होते. तिने कशालाही हात लावला नाही. घरात माणूस नाही हे कळल्यावर आलेला पाहुणा ओट्यावर बसतो, तशी ती एका कोपऱ्यात थांबली.

उद्धव खुर्चीवर बसला आणि तुटलेली रक्तपेढी हाताने जोडू लागला. दोन-तीन आज्ञा दिल्या असतील नसतील, कोपऱ्यातली छाया झेपावली. त्याने जोडलेला भाग पुन्हा धोक्याच्या खुणांनी लाल झाला.

"माझ्या नावाने बस," नसीमांनी स्वतःचे प्रवेशपत्र पुढे केले. तो त्यांच्या नावाने बसला. तेच झाले.

"नावाचा काही उपयोग नाही," शर्वाणी म्हणाली. "ती तुझ्या निवडी ओळखते. तू आधी कुठे बघतोस, त्यावरून."

उद्धवने कीबोर्डवरून हात उचलले. ते त्याने जरा वेळ तसेच हवेत धरले, जणू ते कुठे ठेवायचे हेच त्याला कळेना. त्या छायेच्या प्रती बाहेर कुणाकुणाकडे असतील, कोण जाणे. त्यातली एक जरी शिल्लक असेल, तोवर तो ज्या जालाला हात लावेल तिथे हल्ला येणार होता. हे त्या क्षणी तिघांनाही कळले. तो उठला.

"तू बस," तो म्हणाला. "आधी रक्तपेढी जोड. पुरावा नंतर."

शर्वाणी त्याच्या खुर्चीवर बसली. कोपऱ्यातल्या छायेने तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. तिने रक्तपेढी जोडली, मग अतिदक्षता कक्ष, मग एकेक करून सगळे ठिपके. छायेला कोंडून तिची एक प्रत पुराव्यासाठी बाजूला काढली. संध्याकाळी त्या डॉक्टरचा फोन आला. पिशवी वेळेवर सापडली होती, बाळंतीण वाचली होती, मुलगीही सुखरूप होती. डॉक्टर "गायधनी साहेबांना सांगा" असे दोनदा म्हणाली. उद्धव तोवर निघून गेला होता.

महिन्याभरात त्याने राजीनामा दिला आणि सिन्नरला जाऊन एका महाविद्यालयात शिकवू लागला. टोळीतले दोघे पकडले गेले. त्यांनी तक्रार केली ती अशी, की छाया एकदा आत शिरल्यावर त्यांचे काही ऐकतच नव्हती.

पहाऱ्याची खुर्ची शर्वाणीला मिळाली. ज्यांना त्या दिवसाचा तपशील ठाऊक नव्हता ते तिचे अभिनंदन करून गेले. तुलना करायला आता उद्धव उरला नव्हता. ती वेळेवर येई, वेळेवर जाई. काम चोख होते. पण अहवाल वाचताना तिच्या लक्षात येई की ती तेच पान पुन्हा वाचते आहे, आणि घुसखोराची चाहूल लागली तरी पूर्वीसारखे तिचे रक्त सळसळत नाही.

नव्या छायेची गरज होतीच. सरकारने जास्तीची यंत्रे दिली होती. नसीमांनी शर्वाणीलाच निवडले. "प्रतिपक्षाची दोन वर्षं मी घेणार नाही," त्या म्हणाल्या. "त्याआधीची राखणीची वर्षं तेवढी घेते. तेव्हा तू उत्तम काम करत होतीस."

छाया तयार झाल्यावर ती सरावजालात सोडली. नसीमांनी एक साधा हल्ला चढवला. पहिली रक्तपेढी पडली. शर्वाणीची छाया हलली नाही. अतिदक्षता कक्ष पडला. छाया स्थिर. हळूहळू सगळे सरावजाल विझले, आणि ती आपली जागेवर जागी होती, सारे पाहत होती.

"बिघडलीय," शर्वाणी म्हणाली.

नसीमांनी सगळे तपासून पाहिले. कुठेच बिघाड नव्हता. मग त्यांना काय सुचले कोण जाणे, त्यांनी उद्धवची जुनी छाया काढली आणि सरावजालात तिच्या शेजारी ठेवली, आणि तोच हल्ला पुन्हा चढवला.

शर्वाणीची छाया विजेसारखी उठली. उद्धवची छाया एक दार लावेपर्यंत हिने चार लावले. कुठला भाग न तोडताही वाचवता येईल हे हिने उद्धवच्या छायेआधी हेरले. तिने घुसखोराला कोंडले, खुणा जपल्या, एकही ठिपका विझू दिला नाही. इतकी सुंदर राखण नसीमांनी आजवर पाहिली नव्हती. हल्ला संपला, आणि उद्धवची छाया बाहेर काढताच ही पुन्हा निश्चल झाली.

"मी हेतू शोधायला सांगितला होता यंत्राला," नसीमा शेवटी म्हणाल्या. "त्याने शोधला."

खऱ्या जालावर उद्धवची छाया ठेवणे आता शक्य नव्हते. बाहेरच्या प्रती तिची वाटच पाहत असणार. आणि तिच्याशिवाय ही डोळा उघडणार नव्हती.

"माझी छाया बसवू नका," शर्वाणी म्हणाली. "दुसऱ्या कुणाला तरी निवडा. तोवर मी हाताने बघते, जमेल तेवढं."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तिने सिन्नरला फोन लावला. तो गेल्यापासून ती पहिल्यांदाच त्याच्याशी बोलत होती. उद्धवच्या आवाजामागे मुलांचा गलका होता. तो वर्गातून बाहेर आला असावा, कारण गलका कमी झाला.

"मॅडम तुझी छाया घडवतायत असं ऐकलं," तो म्हणाला. "कशी निघाली?"

"चांगली. तुझ्यापेक्षाही चांगली." हे शब्द तोंडातून काढायला तिला इतकी वर्षे लागली होती, आणि त्यांची काहीच चव नव्हती. "पण तू शेजारी नसलास की ती हलत नाही."

तो हसेल असे तिला वाटले होते. तो हसला नाही.

"मला वाटायचं आपण दोघं एकाच बाजूने पळतोय," तो म्हणाला.

"पळत होतोच. मी फक्त तुझ्याकडे बघत पळत होते."

"मग आता आरोग्यजालावर कोण आहे?"

"मीच. हाताने."

"कशासाठी, शर्वाणी?" त्याने विचारले. प्रश्नात टोचणी नव्हती. त्याला खरेच जाणून घ्यायचे होते.

तिच्यापाशी उत्तर तयार होते, पेशंटसाठी, सगळे देतात ते. ते ओठांवर आलेही. तिने ते दिले नाही.

"ते अजून बघायचंय," ती म्हणाली.